पाहुणे विमान : दुर्मिळ विमाने ओळखण्याचा छंद

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या शहराजवळ माना येथे विमानतळ असून २०१२ सालापासून तो स्वामी विवेकानंदांच्या नावाने ओळखला जातो. ७ ऑगस्ट २०१५ रोजी या विमानतळावर एक अनपेक्षित पाहुणा उतरला. बांगलादेशातील युनायटेड एअरवेज या खाजगी कंपनीचे हे विमान १७३ प्रवाशांना घेऊन ढाक्याहून मस्कतकडे निघाले होते. मध्य भारतावरून जात असताना त्याचे एक इंजिन बंद पडले आणि जवळचा विमानतळ म्हणून वैमानिकाने रायपूर गाठले. प्रवासी सुखरूप उतरले आणि दुसऱ्या विमानाने पुढे मार्गस्थ झाले. ते विमान मात्र रायपूरलाच राहिले. पुढच्याच वर्षी कंपनीची उड्डाणे बंद पडली. २०१८ मध्ये विमान ओढून मुख्य तळावरून दूर, एका कडेला नेण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या मुक्कामाला दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जागेच्या भाड्याची थकबाकी कोटींच्या घरात गेली होती.

विमानतळाच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही एक अडचण होती, प्रवाशांच्या दृष्टीने खिडकीतून दिसणारे एक कुतूहल. परंतु थोड्या लोकांना त्या विमानाकडे पाहताक्षणी आणखी काही दिसले. शेपटीशी बसवलेली दोन इंजिने, लांब व अरुंद धड आणि उभ्या पुच्छपंखाच्या माथ्यावर टेकलेला आडवा पंख पाहून त्यांनी ओळखले, की हे मॅक्डोनेल डग्लस कंपनीचे एमडी-८० जातीचे विमान आहे. अशा प्रकारे विमाने ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे आणि नेहमीच्या दिसण्यात नसलेल्या विमानांचा मागोवा घेणे हा जगातील अनेक देशांत रुजलेला छंद आहे. पक्षिनिरीक्षणाशी त्याचे जवळचे नाते आहे. पक्षिनिरीक्षकाला हिवाळी पाहुण्यांची जशी ओढ असते, तशीच या छांदिष्टांना परक्या विमानांची असते.

छंदाचा उगम

या छंदाचा जन्म करमणुकीतून झाला नाही. तो युद्धाच्या गरजेतून झाला. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच हरिकेन विमानांना शत्रू समजून त्यांतील दोन पाडली. त्यात एक तरुण वैमानिक मृत्युमुखी पडला. आकाशातील आकृती चुकीची ओळखली, तर त्याची किंमत माणसाच्या प्राणाने मोजावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

त्यानंतर विमान ओळखण्याचे शिक्षण पद्धतशीरपणे देण्यात येऊ लागले. प्रत्येक विमानाची समोरून, बाजूने आणि खालून दिसणारी काळी छायाकृती कागदावर छापली जाई व ती क्षणभर दाखवून नाव विचारले जाई. ब्रिटनमधील कारखान्यांच्या छपरांवर स्वयंसेवक टेहळणीसाठी उभे राहत. भोंगा झाला की लगेच काम थांबवावयाचे नाही. छपरावरच्या माणसाने शत्रूचे विमान खरोखरच जवळ आल्याचे सांगितले म्हणजेच कामगारांनी आसरा घ्यावयाचा, अशी पद्धत होती. त्यामुळे त्या माणसाच्या नजरेवर शेकडो लोकांची सुरक्षितता आणि कारखान्याचे उत्पादन ही दोन्ही अवलंबून असत. १९४१ च्या जानेवारीत अशा टेहळ्यांसाठी एक स्वतंत्र नियतकालिकही निघाले. युद्ध संपले, पण शिकलेली नजर मागे राहिली. तीच पुढे शांततेच्या काळात छंद बनली आणि १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘एअर-ब्रिटन’ ही अभ्यासकांची संघटना स्थापन झाली.

दुर्मिळ कशास म्हणावे?

दुर्मिळता हा विमानाचा अंगचा गुण नव्हे. ती संख्येवर, स्थळावर आणि काळावर अवलंबून असते.

संख्येचे उदाहरण म्हणून आन्तोनोव एएन-२२५ या प्रचंड मालवाहू विमानाकडे पाहता येईल. सहा इंजिनांचे हे विमान जगात एकच उडत होते. मे २०१६ मध्ये ते हैदराबादला उतरले, तेव्हा ते पाहण्याची संधी भारतातील छांदिष्टांना मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धात ते नष्ट झाले. आता ती संधी कोणासही पुन्हा मिळणार नाही.

स्थळाची गोष्ट निराळी. ब्रिटिश नौदलाचे एफ-३५बी हे लढाऊ विमान त्याच्या स्वतःच्या नौकेवर मुळीच दुर्मिळ नाही. परंतु १४ जून २०२५ रोजी ते तिरुवनंतपुरमच्या नागरी विमानतळावर उतरले आणि बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तेथे अडकून पडले, तेव्हा ते सर्वांच्या कौतुकाचा विषय झाले.

काळाचा परिणाम मात्र सर्वांत सूक्ष्म असतो, आणि रायपूरचे विमान हे त्याचे उत्तम उदाहरण होय. एमडी-८० मालिकेचे पहिले उड्डाण १९७९ साली झाले. १९९९ पर्यंत या मालिकेची ११९१ विमाने तयार झाली. अमेरिकेत ती एके काळी रस्त्यावरील बसगाड्यांइतकी परिचित होती. २०१५ साली रायपूरला उतरलेले विमान स्थळामुळे वेगळे होते; जगाच्या हिशेबात ते तसे सामान्यच होते. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आणि जून २०२० मध्ये डेल्टा कंपनीने आपली या मालिकेतील विमाने प्रवासी सेवेतून काढून घेतली. म्हणजे रायपूरचे विमान जागचे हललेही नाही आणि उभ्या उभ्या दुर्मिळ होत गेले.

नजरेची शिस्त

ओळखीचा माणूस दुरून दिसला, तर त्याचा चेहरा दिसण्यापूर्वीच चालीवरून आपण त्याला ओळखतो. अनुभवी निरीक्षक विमानही तसेच ओळखतो. नवशिक्याला मात्र क्रमाने जावे लागते. पंख, इंजिने, धड आणि शेपूट असा हा क्रम असून तो युद्धकाळापासून चालत आला आहे.

प्रथम पंख पाहावेत. ते धडाच्या खालच्या बाजूस जोडलेले आहेत की वरच्या? रायपूरला नित्य येणाऱ्या विमानांपैकी एअरबस ए-३२० चे पंख खाली असतात, तर एटीआर-७२ या लहान विमानाचे पंख धडाच्या माथ्यावर असतात. दुसरी पाहणी इंजिनांची. ती किती आहेत, कोठे आहेत आणि त्यांना फिरते पाते आहे की नाही? तिसरी धडाची : लांबी, जाडी, खिडक्यांची रांग, नाकाचा आकार. शेवटी शेपूट. आडवा पुच्छपंख धडाला जोडलेला आहे, की उभ्या पंखाच्या शेंड्यावर बसवलेला आहे?

हीच पद्धत रायपूरच्या विमानाला लावून पाहू. पंख खाली, इंजिने दोन आणि तीही शेपटीजवळ, आडवा पुच्छपंख शेंड्यावर. एवढ्यावरून एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या दोन्ही जाती बाद होतात, कारण त्यांची इंजिने पंखाखाली टांगलेली असतात. उरतात ती सीआरजे, फोकर-१००, बोइंग ७१७ यांसारखी मोजकी विमाने. आता धडाकडे पाहावे. एमडी-८३ ची लांबी सुमारे ४५ मीटर आहे, तर ए-३२० ची साधारण साडेसदतीस मीटर. तरीही एमडी-८३ चे धड ए-३२० पेक्षा अरुंद असते. त्यात एका रांगेत सहाऐवजी पाचच आसने मावतात. म्हणून ते एखाद्या लांब पेन्सिलीसारखे दिसते. फोकर आणि बोइंग ७१७ त्याहून बरीच आखूड आहेत. सीआरजेच्या पंखांची टोके वर वळलेली असतात; येथे ती सरळ आहेत. नाकाजवळ, वैमानिक-कक्षाच्या खाली दोन्ही बाजूंना लहान आडव्या पट्ट्याही दिसतात. अशा रीतीने एकेक शक्यता गळत जाऊन एमडी-८० ही मालिका निश्चित होते.

येथेच नजरेची मर्यादाही ध्यानात येते. एमडी-८१, ८२, ८३ आणि ८८ यांचे बाह्य माप एकच आहे. त्यांतील भेद इंजिनांची शक्ती, इंधनाच्या टाक्या आणि वैमानिक-कक्षातील उपकरणे यांत आहे. बाहेरून पाहून ‘हे ८३ च आहे’ असे छातीठोकपणे सांगणे शक्य नसते. त्यासाठी विमानावरील अक्षरे वाचावी लागतात.

अक्षरांची भाषा

प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर त्याच्या देशाचे चिन्ह आणि त्यापुढे त्याची स्वतःची अक्षरे किंवा अंक असतात. १९१९ च्या पॅरिस करारापासून ही पद्धत सुरू झाली. भारताचे चिन्ह व्हीटी, बांगलादेशाचे एस२, श्रीलंकेचे ४आर, नेपाळचे ९एन, अमेरिकेचे एन. रायपूरच्या विमानावर एस२ हे चिन्ह होते. त्यावरून त्याचे राष्ट्रीयत्व कळते आणि पुढील अक्षरांवरून नोंदवहीतील त्याचा नेमका प्रकार सापडतो.

भारताच्या व्हीटी या अक्षरांविषयी एक समजूत रूढ आहे. ती ‘व्हाइसरॉयचा प्रदेश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत, असे सांगितले जाते. ती बदलावीत, अशी मागणी संसदेतही झाली होती. वस्तुतः बिनतारी संदेशवहनासाठी जगातील देशांना जी अक्षरे वाटून देण्यात आली, त्या वाटणीतून हे चिन्ह आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, त्या चिमुकल्या पस मॉथ विमानावरही व्हीटी-एडीएन अशीच अक्षरे होती. ही रचना आजही तशीच आहे.

देश, मालक किंवा कंपनी बदलली की ही अक्षरे बदलू शकतात. कारखान्यात विमानाला मिळालेला अनुक्रमांक मात्र जन्मभर बदलत नाही. म्हणूनच जाणकार छांदिष्ट आपल्या वहीत दोन्ही नोंदवतात. बोइंग कंपनीच्या जुन्या विमानांत आणखी एक खूण सापडते. प्रत्येक मूळ ग्राहकाला कंपनीने एक सांकेतिक अंक दिला होता. एअर इंडियाचा ३७ होता. म्हणून तिची विमाने ७०७-४३७ किंवा ७४७-२३७ अशी ओळखली गेली. एखादे विमान पुढे चार देश फिरले, तरी या अंकावरून त्याचे माहेर कळते.

अलीकडे या कामी नवे साधन आले आहे. बहुतेक विमाने आता आपले स्थान, उंची, वेग आणि एक विशिष्ट ओळखसंकेत १०९० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर सतत प्रक्षेपित करीत असतात. हे संदेश टिपून नकाशावर दाखविणारी संकेतस्थळे सर्वांना उपलब्ध आहेत. घरबसल्या विमानाचे नाव कळत असेल, तर नजरेचे काय काम, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. परंतु प्रत्येक विमान हे संदेश देतेच असे नाही आणि बंद पडलेले विमान तर मुळीच देत नाही. तळाच्या कडेला निमूटपणे उभे असलेले विमान शेवटी डोळ्यांनीच ओळखावे लागते.

नागपूरचे बोइंग ७२०

रायपूरहून लोहमार्गाने सुमारे तीनशे किलोमीटर पश्चिमेस नागपूर आहे. त्या शहराने अशाच एका पाहुण्याचा सांभाळ याहूनही अधिक काळ केला. १९९१ साली कॉन्टिनेंटल एव्हिएशन या कंपनीचे व्हीटी-ईआरएस हे बोइंग ७२० जातीचे विमान इंजिनातील बिघाडामुळे सोनेगावच्या विमानतळावर आले आणि तेथून ते पुन्हा उडाले नाही. धावपट्टीच्या परिसरात ते चोवीस वर्षे ऊनपाऊस सोशीत उभे राहिले. अखेर २०१५ मध्ये ते ओढून कडेच्या जागेत हलविण्यात आले.

योगायोग असा, की ज्या वर्षी नागपूरचे विमान आपल्या जागेवरून हलले, त्याच वर्षी रायपूरचे विमान येऊन थांबले.

सामान्य प्रवाशाला नागपूरचे विमान म्हणजे एक जुने ‘सातशे सात’ वाटे, आणि ही चूक क्षम्य आहे. बोइंग ७२० हे मुळात ७०७ चेच आखूड रूप होय. पंखांखाली चार इंजिने, मागे झुकलेले पंख आणि उभ्या शेपटीची ढब ही दोघांत सारखीच. परंतु ७०७ ची प्रचलित जात सुमारे साडेशेहेचाळीस मीटर लांब होती, तर ७२० सुमारे साडेएकेचाळीस मीटर. १९५९ साली ते प्रथम उडाले आणि अशी एकूण १५४ विमानेच बांधली गेली. नागपूरचे विमान उभे असताना जगातील त्याची भावंडे एकामागून एक भंगारात गेली. म्हणून परदेशांतील छांदिष्टांच्या याद्यांत नागपूर हे नाव संत्र्यांसाठी नव्हे, तर या विमानासाठी आढळत असे.

संशय आणि कायदा

हा छंद निरुपद्रवी असला, तरी बाहेरून तो तसा दिसतोच असे नाही. दुर्बीण, कॅमेरा, वही आणि विमानांचे क्रमांक. हेराजवळही याहून वेगळे साहित्य नसते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई दलाच्या तळावर बारा ब्रिटिश व दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. नोव्हेंबरमध्ये अपिलात त्यांची सुटका झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या एका हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश छांदिष्टांवरही असाच प्रसंग ओढवला. वैमानिक व नियंत्रक यांचे संभाषण ऐकण्याचे यंत्र त्यांच्याजवळ सापडले. दंड भरून मायदेशी परतण्यास त्यांना कित्येक आठवडे लागले.

भारतात या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगली पाहिजे. १९३७ च्या विमानविषयक नियमांनी शासकीय विमानतळावर परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास मनाई केली होती. संरक्षणविषयक स्थळांना १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, हे अनेक प्रवाशांच्या लक्षात येत नाही. रायपूरची परिस्थितीही नाजूक आहे. बस्तरमधील चकमकींत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने उपचारासाठी येथे आणले जात असे. अशा वेळी कॅमेरा पिशवीतच ठेवावा, हे सांगण्यास कायद्याची गरज नाही.

मात्र सुरक्षितता आणि निरीक्षण यांत केवळ विरोधच आहे, असेही नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शस्त्रास्त्रे खाली टाकण्यात आली. ते लॅटव्हियात खरेदी केलेले आन्तोनोव एएन-२६ होते आणि त्या प्रवासात ते वाराणसीला रीतसर उतरून इंधन घेऊन गेले होते. काही दिवसांनी परतीच्या वाटेवर भारतीय हवाई दलाने त्याला मुंबईस उतरण्यास भाग पाडले. आपल्या हवाई दलातील एएन-३२ हे याच घराण्यातील विमान. दोहोंचे पंख धडाच्या माथ्यावर, दोहोंची इंजिने पात्यांची. फरक इतकाच, की एएन-३२ ची इंजिने पंखाच्या वर ठळकपणे उचललेली असतात. परक्या आणि परिचित विमानातील अंतर किती थोडे असते, याची यावरून कल्पना येते.

नोंदीचे मोल

एका वहीतील एका ओळीला स्वतंत्रपणे फारसे मूल्य नसते. तारीख, वेळ, स्थळ, विमानाची जात, अक्षरे, एवढेच तिच्यात असते. पण निरनिराळ्या गावांतील अशा ओळी एकत्र आल्या, की त्यांतून विमानाचा प्रवास उभा राहतो. २००१ नंतरच्या काळात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने बंदिवानांना गुपचूप देशोदेशी हलविले. या उड्डाणांचा छडा पत्रकार आणि युरोपातील चौकशी-अधिकारी लावू लागले, तेव्हा त्यांना छांदिष्टांची छायाचित्रे आणि नोंदवह्या उपयोगी पडल्या. नोंद करणाऱ्यांना त्या विमानांत कोण आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ दिसलेली अक्षरे अचूक लिहून ठेवली होती.

छंदाचा हाच मुख्य नियम म्हणता येईल : जे दिसले तेच लिहावे, आणि जे दिसले नाही ते अंदाजाने भरू नये. शेवटचे अक्षर वाचता आले नसेल, तर ती जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा पुढे भरता येते. चुकीचे अक्षर मात्र वर्षानुवर्षे इतरांची दिशाभूल करीत राहते.

विमान हे मुळात जाण्यासाठी बनविलेले यंत्र आहे. ते थांबले, की त्याच्यावर धूळ बसते, रंग विटतो, थकबाकी वाढते आणि एक दिवस ते तुकडे होऊन भंगारात जाते. रायपूर आणि नागपूर येथील पाहुण्यांना पुन्हा उडण्याचे भाग्य लाभले नाही. तरीही त्यांची जात, त्यांची अक्षरे आणि त्यांच्या आगमनाचे वर्ष विसरले गेले नाही. कुंपणाबाहेरून का होईना, त्यांच्याकडे कोणीतरी नीट पाहिले होते आणि पाहिलेले लिहून ठेवले होते.